सर बसने, मी पायी: भोकरदन ते धावडा

सोमवारी सरांना औरंगाबादच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. त्याआधीचे तीन दिवस मोकळे होते. त्या तीन दिवसांत आम्ही धावड्याला जाऊन आलो. सर बसने, मी पायी.

सर म्हणजे माझे यजमान. जालन्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर खेळ शिकवले. सगळे सर म्हणतात म्हणून लग्नानंतर मीही थट्टेने म्हणायला लागले, ते राहिलं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मानेत गाठ आली. कॅन्सर निघाला. उपचार झाले, गाठ गेली. यंदा दसऱ्याच्या आठवड्यात काखेत दुसरी लागली. तपासणी झाली. तोच होता.

डॉक्टरांनी सहा डोस सांगितले. सर म्हणाले, "आता पुरे." दोन दिवस एवढंच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "माझी एक अट आहे."

अट समजण्यासाठी मागचं थोडं सांगावं लागेल. पहिल्या आजारपणात मी पाच महिने त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर बसून काढले. रोज सकाळी आम्ही दोघं पाच किलोमीटर चालायचो, ते मी त्याच दिवशी बंद केलं. सर दवाखान्यात पडलेले असताना आपण पाय मोकळे करायला जाणं मला पाप वाटत होतं. कॉलेजमधून रजा घेतली. खाल्लं नाही, झोपले नाही. साखर वाढली ती कळली नाही. चौथ्या महिन्यात एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा सर समोर उभे होते. एका हातात सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला.

सर म्हणतात, त्या आजारातलं दुखणं त्यांना आठवत नाही. तो पेला आठवतो.

म्हणून अट अशी: "भोकरदनपासून धावड्यापर्यंत चालून दाखव. एकदाही वाहनात बसायचं नाही. मी चालू शकत नाही, तरी तू चालतेस, हे मला एकदा बघू दे. मग मी सोमवारी दाखल होतो."

"आणि बसले तर?"

"तर दोघं घरी बसू."

ते खेळाचे शिक्षक आहेत. नियम सांगितला की सांगितला.

धावडाच का, तर जालना जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी आमचं लग्न झालं आणि सरांची पहिली नोकरी धावड्याला होती. दोन वर्षं आम्ही तिथे राहिलो. त्यानंतर जाणं झालं नव्हतं.

शुक्रवार

जालन्याहून भोकरदनला एस.टी. मिळायला अडचण नाही. दोन तास धरून चाला. राजूरला गाडी थांबते. गणपतीला आलेले उतरतात, बाकीचे चहाला उतरतात. आम्ही चहाला उतरलो. दिवाळीच्या सुट्टीमुळे गाडीत लेकीबाळी, पिशव्या, फराळाचे डबे. सरांना खिडकी मिळाली. ते म्हणाले, "बसून घे. रविवार संध्याकाळपर्यंत ही तुझी शेवटची गाडी."

भोकरदनला स्टँडजवळ एक लॉज आहे. खोली स्वच्छ, चादर मात्र आपली न्यावी. जवळच्या खानावळीत शेवभाजी, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा ताटात न मागता येतो आणि दुसऱ्यांदाही न मागता येतो. सरांनी अर्धी भाकरी खाल्ली. मी दोन खाल्ल्या, कारण सर बघत होते.

खोलीवर आल्यावर त्यांनी माझे बूट तपासले. नाडी ओढून पाहिली. "दुहेरी गाठ मार," म्हणाले, आणि स्वतःच मारून दाखवली. मग मला सोडायला लावली आणि पुन्हा मारायला लावली.

शनिवार

सकाळी सहाला निघालो. सर केळना नदीच्या पुलापर्यंत आले. नदीला पाणी बेताचं होतं, कडेने दोन बायका धुणं आपटत होत्या. सरांनी घड्याळ पाहिलं.

"तासाला चार किलोमीटर. पळायचं नाही, रमायचंही नाही. मी साडेसातच्या गाडीने निम्म्यावर येतो. फाट्यावर चहा."

पिंपळगाव रेणुकाई भोकरदनपासून वीसेक किलोमीटर. रस्ता डांबरी, अरुंद, कडा खाल्लेल्या. पहिला तास थंडी होती. सोयाबीन काढून झालेलं, शेतं मोकळी. कापूस फुटलेला. जागोजागी शेतकऱ्यांनी रस्त्याच्या अर्ध्या भागात मका वाळत घातला होता. तिथे चालणाऱ्याने मक्याच्या बाहेरून जायचं. ट्रक मात्र मक्यावरूनच जातात, त्यांना कोणी काही बोलत नाही. माझा पाय एकदा कडेच्या कणसावर पडला तर एक म्हातारा ओरडला, "बाई, रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?" रस्ता त्याच्याही बापाचा नव्हता. मी सॉरी म्हणाले.

आठच्या सुमारास मागून एस.टी. आली. माझ्याजवळ येऊन थांबली. कंडक्टरने दार उघडलं.

"चला, चला, जल्दी."

"मला नाही यायचं."

तिसऱ्या खिडकीत सर बसले होते. ते कंडक्टरला म्हणाले, "मास्तर, जाऊ द्या गाडी. ती चालतच येणार आहे."

"तुमच्या कोण?"

"बायको."

कंडक्टरने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग घंटी मारली. गाडी निघाली तेव्हा डाव्या बाजूची सगळी डोकी खिडकीबाहेर आली होती.

फाट्यावर पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. टपरीच्या बाकावर सर बसले होते, चेहरा पडलेला.

"काय झालं?"

"एका आजीबाईंनी शिव्या घातल्या. 'बायको उन्हात चालून राह्यली अन् तू खिडकीत बसून हवा खाऊन राह्यला? बिलकुल लाज न्हाई?'"

"मग?"

"काय सांगणार? म्हणालो, रुसली आहे. तर सगळी गाडी मला समजूत कशी काढायची ते शिकवायला लागली. एक जण म्हणाला, साडी घ्या. दुसरा म्हणाला, साडीनं भागत न्हाई, सासरवाडीला चार दिस जाऊन राहा. आजीबाई म्हणाल्या, पाय धर."

गाठ सापडल्यापासून ते पहिल्यांदा हसले. मी दोन चहा घेतले, एक बिस्किटाचा पुडा संपवला आणि निघाले. बसलं की पाय जड होतात, तेव्हा दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. ही सरांची सूचना. योग्य आहे.

फाट्यानंतर झाडं कमी होतात. अकरानंतर ऊन लागतं. दोन लिटर पाणी कमी पडलं. पिंपळगाव दोन-तीन किलोमीटरवर असताना एका शेताच्या बांधावर बाभळीखाली थांबले. कापूस वेचणारी एक बाई, कमरेला कापूस टाकायचा झोळीसारखा ओटा बांधलेली, तशीच चालत आली. नाव कडूबाई. वय साठीचं असेल. तिने माझ्याकडे खालपासून वर पाहिलं आणि नजर बुटांवर नेऊन ठेवली.

"कोन्त्या गावच्या?"

"जालन्याच्या. भोकरदनहून चालत आले."

"रेणुकाईला?"

"पिंपळगावला. मग पुढे धावड्याला."

"नवस हाय न्हाई का मंग. पन बूट घालून नवस? देवीला काय पळत गाठायचं हाय का?"

"नवस नाही. नुसती चालते आहे."

"नुसतं कोन चालतं? गाड्या बंद हायत का?"

मी नवस नाही असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तिने घागर उचलून आणली होती. या भागात देवीला पायी आलेल्याच्या पायांवर पाणी घालतात. "काढा बूट," म्हणाली. मी नको म्हणाले. मी हे मानत नाही. तिने ऐकलं नाही. शेवटी मी दुहेरी गाठी सोडल्या. गार पाणी पायांवर पडलं तेव्हा डोक्यापर्यंत गेलं. एवढ्या वेळात मी मला पाय आहेत हे विसरले होते.

"कोनासाठी?" तिने विचारलं.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मालकांसाठी. आजार परत आला त्यांचा."

"परत आला?"

"हो."

"मंग पयले गेल्ता ना?"

"गेला होता."

"गेल्ता तसा जाईन."

ती कापसाकडे गेली. मी कॉलेजात मराठी शिकवते. मुलांना वाक्य कुठे संपवावं ते सांगते. ओल्या पायांत बूट घालताना मला तिच्या वाक्यात बदलण्यासारखं काही सापडलं नाही.

पिंपळगावला दुपारी साडेबाराला पोचले. इथे मिरचीचा मोठा बाजार भरतो. हंगाम संपत आला होता, तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या मिरचीचे ढीग होते आणि गोण्या शिवणं चालू होतं. नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाऊ नका. गावातली माणसं रुमाल लावत नाहीत आणि आपल्याला शिंका आल्या की खूश होतात.

सर एका पत्र्याच्या शेडखाली गोणीवर बसले होते. शेजारी पन्नाशीचा एक मिरचीवाला. माझी ओळख करून द्यायच्या आधीच तो म्हणाला, "भाभी, तुम्हीच सांगा. पंचवीस वर्षं झाली. तालुक्याची फायनल होती. सरांनी मला आउट दिलं. मी आउट नव्हतो."

हे रहीमभाई. तरुणपणी पिंपळगावकडून कबड्डी खेळायचे, सर पंच होते.

"पाय रेषेच्या बाहेर होता," सर म्हणाले.

"आत होता सर. बराबर आत होता."

"मी बघत होतो."

"मी पाय ठेवत होतो!"

गोण्या शिवणारे हात थांबवून ऐकत होते. त्यांनी हे भांडण पूर्वी बरेचदा ऐकलेलं असावं, फक्त दुसरी बाजू आज पहिल्यांदा हजर होती. रहीमभाईंनी भजी मागवली. सरांनी दोन खाल्ली. पुढे सरांनी साध्या आवाजात आपला आजार सांगितला, सोमवारचं सांगितलं, माझी पायपीट सांगितली. रहीमभाईंनी भज्यांचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मी सकाळी जीप घेऊन धावड्याकडं मालाला जातो. रस्त्यात काही लागलं तर हात करा."

"हात करायचा नाही. नियम आहे," सर म्हणाले.

"सर, तुमचे नियम लई कडक. म्हणून तर आमची टीम हारली."

संध्याकाळी रेणुकेच्या देवळात गेलो. सर पायरीवर बसले, मी आत गेले. हात जोडले, काही मागितलं नाही. बाहेर आले तर कडूबाई उभी. शेतातून घरी जाऊन, तोंड धुऊन, खण-नारळ घेऊन आली होती. माझ्या ओढणीत तिने ओटी भरली. सरांकडे बघून म्हणाली, "हेच का? चांगले तर हायत." सरांनी उठून नमस्कार केला.

पिंपळगावात राहायला लॉज वगैरे दिसला नाही, ओळख काढूनच जावं. आम्हाला शाळेची खेळाच्या साहित्याची खोली मिळाली. उंच उडीच्या गादीवर झोपलो. आयुष्यभर मुलांना अशा गादीवर पडायला शिकवलं, सर म्हणाले, स्वतः आज पडलो.

रविवार

साडेसहाला निघाले. धावडा बारा-तेरा किलोमीटर. लोकांना अंतर विचारू नका. एक म्हणतो पाच, पुढचा म्हणतो वीस. सर आठच्या गाडीने येऊन मला वाटेत गाठणार होते.

पायाला दोन फोड आले होते. पहिली पंधरा मिनिटं ते बोलतात, नंतर गप्प होतात. उत्तरेला डोंगराची निळी रांग दिसायला लागली. लग्नानंतर मी याच रस्त्याने पहिल्यांदा धावड्याला गेले. दिवसाची एकच गाडी होती आणि ती चुकली होती. सरांनी बैलगाडी मिळवली. ट्रंक आणि मी गाडीत, सर बाजूने पायी. मी म्हणाले होते, तुम्हीही बसा. ते म्हणाले होते, बैलांना जड होईल. बैल धट्टेकट्टे होते. सरांना चालायचं होतं.

सव्वाआठला गाडी आली. तिसऱ्या खिडकीत एक वेगळीच बाई होती. मी पुढच्या खिडक्या पाहिल्या, मागच्या पाहिल्या. सर नव्हते.

गाडी थांबली. कालचाच कंडक्टर. तो खाली उतरला.

"बाई, सर गाडीत न्हाईत. गावाबाहेर पुलाच्या कठड्यावर बसेल दिसले. घामानं भिजेल होते. मी गाडी थांबवली, म्हणलं बसा. म्हणले, चक्कर आली, उठवत न्हाई, जरा वेळानं येतो. म्हणले, बाईंला सांगा, थांबू नका."

"बोलत होते?"

"हाव, बोलत होते. पानी देलं मी. पण..."

"पण काय?"

"रंग न्हाई बरा."

गाडीतून एक माणूस ओरडला, "अहो बाई, तुमचा मालक तिकडं बसेल हाय अन् तुम्ही इकडं चालल्या! काय चालूये काय?"

तो बरोबर विचारत होता. वाचणाऱ्यालाही हाच प्रश्न पडेल. मी सात किलोमीटर पुढे होते. चालत परत गेले तर पावणेदोन तास. गाडी धावड्याकडे जाणारी, तिचा उपयोग नव्हता. कंडक्टरने माझ्या उत्तराची वाट पाहिली, मग नाइलाजाने घंटी मारली. रस्ता रिकामा झाला. मोबाइलला रेंज नव्हती.

मी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग समोरून जीप आली. रहीमभाई माल घेऊन परतत होते, मागे मिरच्यांच्या गोण्या. मी हात केला. नियम मोडून केला.

त्यांना सांगितलं. त्यांनी दार उघडलं. "बसा भाभी, जल्दी. पंधरा मिनिटात पोचवतो."

मी एक पाय जीपच्या पायरीवर ठेवला. बूट दिसला. दुहेरी गाठ दिसली. परवा ती त्यांनीच मारून दाखवली होती.

मी बसले तर पंधरा मिनिटांत त्यांच्याजवळ असेन. आणि उद्या ते दाखल होणार नाहीत. माझ्याकडे बघतील आणि म्हणतील, बघ, पुन्हा तेच. हे मला जितकं नक्की माहीत होतं तितकं दुसरं काहीच माहीत नव्हतं. ते बोलत होते. पाणी प्याले होते. निरोप देत होते. ज्याला निरोप देता येतो त्याला आत्ता माझी गरज आहे, की त्याने सांगितलेलं मी करण्याची?

मी पाय खाली घेतला. पिशवीतून गोळ्यांचं पाकीट, ग्लुकोजचा पुडा, पाण्याची बाटली काढून सीटवर ठेवली.

"तुम्ही जा. त्यांना बघा. डॉक्टर लागला तर थेट भोकरदनला न्या, मागे मी येते कशीही. लागला नाही तर... त्यांना विचारा, काय करायचं."

"भाभी, तुम्ही येत न्हाई?"

"मी चालते."

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंच असलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग गाडी काढली.

पुढच्या पाऊण तासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. डाव्या हाताला विजेचे खांब होते. मी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत होते. आणि पुन्हा पुढच्यापर्यंत. उजव्या बाजूला तुरीचं शेत होतं, फुलात आलेलं, हे मला नंतर आठवलं. एकदा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "सोडू का?" मी मान हलवली. बोलले असते तर थांबले असते.

मागून जीपचा आवाज आला. मी वळले नाही. हॉर्न वाजला. जीप बाजूने गेली, थांबली नाही. पुढच्या सीटवर सर बसले होते. मान मागे टेकलेली, चेहरा मातीच्या रंगाचा. त्यांनी हात खिडकीबाहेर काढला आणि तीन बोटं वर केली.

शाळेत धावण्याच्या शर्यतीत ते मैदानाच्या कडेला उभे राहून मुलांना अशीच बोटं दाखवायचे. किती राहिलं ते.

तीन किलोमीटर राहिले होते.

धावड्याच्या शाळेच्या मैदानावर पोचले तेव्हा सर दगडी रोलरवर बसले होते, सावलीत. रहीमभाई शेजारी उकिडवे. सरांनी घड्याळ पाहिलं.

"नऊ अठ्ठावन्न," म्हणाले. "उशीर झाला."

"वाटेत थांबावं लागलं."

"फोड?"

"दोन."

रहीमभाई उठले. मला म्हणाले, "भाभी, हे पुलावर बसेल होते. मी म्हणलं, सर, आज तुम्ही आउट. तर म्हणतात कसे, 'नीट बघ. पाय रेषेच्या आत आहे.'" ते हसले आणि रुमालाने तोंड पुसलं. "मी म्हणलं, मान्य. पण मंग माझाही आत होता."

"तुझा बाहेर होता," सर म्हणाले.

रहीमभाई माल घेऊन पिंपळगावला परतले. आम्ही दोघं उरलो. मैदानाचा आकार तोच होता. सरांनी आखलेल्या पट्ट्यांचं काही राहिलं नव्हतं, राहणारही नव्हतं. मी त्यांच्या शेजारी रोलरवर बसले.

"पुलावर कसे गेलात तुम्ही? स्टँड तर अलीकडे आहे."

"तू गेल्यावर दहा मिनिटांनी निघालो. तुझ्या मागे. बघावं म्हटलं."

"किती चाललात?"

"पुलापर्यंत."

"एक किलोमीटरही नाही."

"नाही."

डोंगराकडून वारा येत होता. त्यांनी खिशातून दवाखान्याचं कार्ड काढलं. घामाने ओलं झालं होतं. मांडीवर ठेवून हाताने सरळ केलं आणि माझ्याकडे दिलं.

"उद्या किती वाजता बोलावलंय?"

"नऊ."

"पहिली गाडी धरू."

परत

धावड्याहून दुपारच्या एस.टी.ने भोकरदन, तिथून जालना. या वेळी आम्ही एका सीटवर बसलो. कंडक्टर तोच होता. माझं तिकीट फाडताना म्हणाला, "गेला का राग?" सर म्हणाले, "गेला." त्याला बरं वाटलं.

तुम्हाला हा रस्ता पायी करायचा असेल तर हिवाळ्यात जा. पाणी तीन लिटर घ्या. बूट जुने हवेत, नवे नकोत. वाळत घातलेल्या मक्यावर पाय देऊ नका. नवस नाही हे समजावण्यात वेळ घालवू नका. कोणी पायावर पाणी घालत असेल तर घालू द्या.

सोमवारी सर दाखल झाले. हे लिहीपर्यंत दोन डोस झालेत. दुसऱ्यानंतर तोंड आलं, चार दिवस बोलता येत नव्हतं. गाठीबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. मी विचारते, रोज विचारत नाही.

मी रोज सकाळी सहाला दवाखान्याच्या आवारात चालते. आवाराच्या भिंतीलगत पाच फेऱ्या मारल्या की पुरेसं होतं. पहारेकरी पहिल्या आठवड्यात विचारायचा, काही हरवलंय का. आता विचारत नाही. सरांची खाट दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ आहे. स्टूल रिकामं असतं त्या वेळी.

परवा पाचवी फेरी संपवून मी खिडकीखाली थांबले. सर उठून उभे होते, एका हाताने स्टँड धरलेला. दुसऱ्या हाताने त्यांनी एक बोट वर केलं.

मी पाच पूर्ण केल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. मी सहावी मारली.

परत आले तेव्हाही ते उभेच होते. मी खालून चार बोटं दाखवली. त्यांचे राहिलेले डोस. त्यांनी मान हलवली आणि जाऊन खाटेवर बसले.